तू कुठला भाग परत लावलास?

आषाढातली संध्याकाळ. दापोलीकडच्या एका गावात शाळेच्या पडवीत कबड्डीचा सराव चालला होता. मैदानावर घोटाभर पाणी साचलेलं, म्हणून पोरं पडवीतच बैठका मारत होती. कोब्यावर ओल्या पावलांचे ठसे, कौलांवरून सुटलेल्या पागोळ्या आणि भिजलेल्या टी-शर्टांचा आंबूस वास. मधल्या विश्रांतीत एका पोरानं नीकॅप खाली सरकवली आणि शेजारच्या थोरल्या खेळाडूला विचारलं, "दादा, हायक्यू संपली सगळी. आता काय बघू?" "कुरोको बघ. नाहीतर ब्लू लॉक," दादा म्हणाला आणि त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली. पोरानं दोन्ही नावं मोबाइलमध्ये टिपून घेतली. शिट्टी वाजली, बैठका पुन्हा सुरू झाल्या.

उत्तर तसं बरोबर होतं. हायक्यू ही व्हॉलीबॉलची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका; कुरोको म्हणजे बास्केटबॉल, ब्लू लॉक म्हणजे फुटबॉल. दोन्ही वेगवान, दोन्ही गाजलेल्या. तरी ते उत्तर टोचत राहिलं. खेळांच्या अ‍ॅनिमेबद्दल बोलताना आपण सगळेच असं करतो. एक मालिका संपली की तिच्यासारख्या दुसरीचं नाव घेतो, आणि 'सारखी' म्हणजे कशात सारखी, हे विचारायचं राहून जातं. हायक्यूचे चारही हंगाम आणि २०२४ चा चित्रपट पाहून उठलेल्या माणसांना वेगवेगळ्या गोष्टींनी धरून ठेवलेलं असतं. कुणाला नायक हिनाताच्या उडीनं, कुणाला हरलेल्या संघाच्या बसमधल्या शांततेनं, कुणाला नुसत्या बुटांच्या करकरीनं. त्या पोराला एकच विचारायला हवं होतं: सगळं संपल्यावर तू कुठला भाग परत लावलास?

पुढची मालिका त्या भागावरून ठरते.

समजा, त्यानं तिसऱ्या हंगामातला चौथा भाग परत लावला. २०१६ चा हा हंगाम फक्त दहा भागांचा आणि जवळजवळ अख्खा एकाच सामन्याचा: हिनाताचा संघ कारासुनो विरुद्ध शिरातोरिझावा. समोर उशिजिमा, डावखुरा. डावखुऱ्याच्या हातून सुटलेल्या चेंडूची फिरकी उलटी असते, त्यामुळे रोजच्या सवयीनं हात लावलेला चेंडू भलतीकडेच उडतो. त्याच्यापुढे जाळीवर उभा राहतो कारासुनोचा त्सुकिशिमा, ज्याला या खेळाचं फारसं प्रेम नाही असं आपण तोवर समजून चाललेलो असतो. तो अंदाजानं उडी मारत नाही. सेटरच्या, म्हणजे फटक्यासाठी चेंडू उंचावून देणाऱ्याच्या, हातातून चेंडू सुटेपर्यंत थांबतो, मग उडतो. अशानं अर्धा क्षण उशीर होतोच. पण बोटं लागतात, चेंडूचा जोर मरतो आणि मागचे तो उचलतात. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. खरं तर त्याची नजर उशिजिमावर नसतेच, ती असते सेटर शिराबूवर. आपल्या मोठ्या फटकेबाजाचा चेंडू सारखा उचलला जातोय म्हणून शिराबू चिडतो, एका सेटमध्ये त्याचा हात किंचित घाई करतो, आणि त्सुकिशिमा त्याच एका चेंडूची वाट बघत थांबलेला असतो. तो चेंडू अडवल्यानंतर त्याची वळलेली मूठ ज्यानं परत परत पाहिली, त्याला वेगवान मालिका सुचवून उपयोग नाही. त्याला थांबणं आवडलंय. कबड्डीतला चांगला कोपरारक्षक असाच थांबतो. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो तेव्हा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे आणि मागचा पाय हवेत असावा लागतो. तेवढ्या क्षणाला त्याचा सगळा तोल एकाच पायावर असतो. कोपरारक्षक तोवर काहीच करत नाही, आणि मग घोटा धरतो.

अशा प्रेक्षकानं 'बिग विंडअप' पाहावी. २००७ ची, पहिला हंगाम २५ भागांचा, खेळ बेसबॉल. क्रिकेटवर वाढलेल्या कोकणातल्या माणसाला नियम शिकायला पाच मिनिटं पुरतात: तीन स्ट्राइक म्हणजे फलंदाज बाद, चार खराब चेंडू म्हणजे त्याला फुकट पहिला तळ, तीन बाद म्हणजे डाव फिरला, आणि अशा नऊ फेऱ्या. स्ट्राइकची चौकट म्हणजे होम प्लेटची रुंदी आणि उभं धरलं तर साधारण छातीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग. मिहाशी नावाच्या पोराचा चेंडू हळू आहे, पण त्या चौकटीचे नऊ भाग पाडून सांगाल त्या भागात तो टाकतो. चेंडू कुठला टाकायचा हे ठरवतो कॅचर आबे, पायांमध्ये बोटांच्या खुणा करून. यष्टिरक्षक आणि फिरकी गोलंदाज यांचं गुपित ज्याला कळतं त्याला ही मालिका लगेच कळेल. तोसेई संघाविरुद्धच्या एकाच सामन्यावर हंगामाचा जवळजवळ अर्धा भाग खर्च होतो आणि एकेका चेंडूमागचा विचार आपल्यापुढे उलगडत जातो: आधी आत का टाकला, पुढचा बाहेर का, फलंदाजाच्या पायाची जागा का बदलली. पाऊस पडतो, चेंडू ओला होतो, पकड सुटते. कोकणात टेनिस बॉलनं का होईना, पावसात खेळलेल्या प्रत्येकाला ही भीती ओळखीची आहे. बहुतेक लोक मात्र तिसऱ्या भागाच्या आत ही मालिका सोडतात, कारण मिहाशी सारखा रडतो, दचकतो, वाक्य पुरं करत नाही. तिथे दम धरा. आजोबांच्या शाळेत वशिल्यानं गोलंदाज झाला म्हणून जुन्या संघानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याचं ते दचकणं तिथून आलंय. आबे त्याला हळूहळू बोलतं करतो, आणि त्या बोलण्याचा परिणाम थेट चेंडूवर दिसतो.

आता कबड्डी. ज्या किनाऱ्यावर दिवाळीनंतर गावोगाव प्रकाशझोतातले सामने भरतात, तिथल्या पोरांना 'बर्निंग कबड्डी' माहीत नसावी याचं खरंच वाईट वाटतं. २०२१ ची, १२ भागांची जपानी मालिका, आणि सगळी कबड्डीवर. फुटबॉलमध्ये नाव काढलेला आणि मत्सराला कंटाळून सगळे खेळ सोडलेला योइगोशी शाळेच्या कबड्डी संघात ओढला जातो. त्याला वाटतं, हा कसला खेळ, पोरांचा पकडापकडीचा. पहिल्याच चढाईत तो जमिनीवर येतो. जपानी प्रेक्षकाला खेळ नवा, त्यामुळे मालिका नियम अगदी मुळापासून सांगते: सात खेळाडू, ३० सेकंदांची चढाई, मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा, निदान रेषा ओलांडल्याशिवाय परतलात तर बाद. आपल्याकडच्या पोराला हे सगळं पाठ असतं. पण तेच कुणीतरी पहिल्यांदा, डोळे मोठे करून बघतोय, हे पाहण्यात वेगळाच आनंद आहे. लोण चढवल्यावर दोन गुण मिळतात हे कळल्यावर त्या पोरांचे चेहरे बघा.

आणि ती ३० सेकंदं. कबड्डीच्या मैदानाबाहेरून चढाई दिसते तेव्हा हात, पाय, धूळ आणि एक झेप एवढंच दिसतं. आत काय चालतं ते चढाई करणाऱ्यालाच ठाऊक: डावीकडची साखळी कितपत ताणली आहे, मध्यरक्षकाचा गुडघा वाकलाय का, परतीला मध्यरेषा किती लांब, दम किती उरलाय. ही मालिका त्या ३० सेकंदांना पाच-सात मिनिटं देते. पाय उचलला की वेळ थांबतो, आणि पाय टेकेपर्यंत तीन निर्णय झालेले असतात. अ‍ॅनिमेशन साधंच आहे, बऱ्याच ठिकाणी चित्रं जवळजवळ स्थिर राहतात, हे मान्य. मैदानही मॅटचं, त्यामुळे आपली माती त्यात नाही. भातकापणीनंतर कुणग्यातली ढेकळं फोडणं, आदल्या संध्याकाळी पाणी मारणं, रोलर, मग फक्की; सामन्याच्याच दिवशी पाणी मारलं तर वरचा थर निसटतो म्हणून होणारी भांडणं; यातलं काही तिथे सापडणार नाही. मातीवर पाय थांबण्याआधी थोडा घसरतो आणि चांगला चढाईपटू त्या घसरण्याचाच उपयोग करतो. मॅटवर पाय चिकटतो, वळण जागच्या जागी होतं आणि सगळा ताण गुडघ्यावर येतो. मातीवर वाढलेला खेळाडू पहिल्यांदा मॅटवर उतरतो तेव्हा त्याचे घोटे मुरगळतात ते यामुळेच. हा फरक डोक्यात ठेवून मालिका पाहिली तर त्या पोरांचं वळणं जास्त कळतं. जपानला कबड्डी नवी असली तरी परकी नाही. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यांच्या पुरुषांनी कांस्यपदक घेतलेलं आहे. १२ भाग संपल्यावर गोष्ट मधेच थांबल्यासारखी वाटेल, कारण ती मूळ मंगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत, बरीच पुढे जाते.

काही जण मात्र सामन्यापेक्षा सरावाचे भाग परत लावतात. उन्हाळी शिबिर, दोरीउड्या, शंभर वेळा तीच सर्व्हिस. अशांसाठी जुनी, लांब आणि अजूनही सरस अशी एकच मालिका आहे: बॉक्सिंगची 'हाजिमे नो इप्पो'. मंगा १९८९ पासून चालू आहे. अ‍ॅनिमेचा पहिला हंगाम २००० ते २००२, ७५ भाग. आकडा बघून घाबरू नका, जूनमध्ये मासेमारी बंद होऊन होड्या वर काढल्या की किनाऱ्यावर दोन महिने हाताशी असतात. आणि ही मालिका किनाऱ्यावरच्या माणसांचीच आहे. इप्पोच्या घरी गळानं मासे धरायला येणाऱ्यांना समुद्रात नेणारी होडी आहे. वडील समुद्रातच वारलेले, आई धंदा चालवते, पोरगा शाळेआधी आणि शाळेनंतर होडीवर राबतो. शाळेत त्याला मार खावा लागतो, आणि पहिल्यांदा बॉक्सिंगची पिशवी ठोकतो तेव्हा तिथली माणसं गप्प होतात. हे कसं, याचं उत्तर मालिका चमत्कारात शोधत नाही, त्याच्या पायांत शोधते.

हर्णै बंदरावर पहाटे लिलावाच्या वेळी होडीवर उभ्या असलेल्या खलाशाचे पाय नीट बघावेत. पावलं खांद्यापेक्षा थोडी रुंद, गुडघे किंचित मोडलेले, टाच हलकी, अंगठा फळीला रुतलेला. लाट आली की होडी कलते, पण त्याची कंबर त्याच उंचीवर राहते. जे काही हलतं ते गुडघ्याखाली. त्याच अवस्थेत तो मासळीची भरलेली पाटी खालून वर देतो, आणि ती पाटी हातांनी उचलली जात नाही, पायांनी उचलली जाते. ठोशाचा जोरही असाच तळपायातून निघतो, कंबरेतून फिरतो आणि खांद्यातून मुठीत येतो. खालचा भाग डगमगला की वर काहीच पोचत नाही. होडीवर बर्फाच्या पेट्या उचलून इप्पोचा तो खालचा भाग आधीच तयार झालेला असतो, त्याला फक्त मूठ कशी टाकायची ते शिकायचं असतं. झाडाला धक्का देऊन पडणारी दहा पानं हातानं पकडायची, ही त्याची पहिली परीक्षा. नुसता हात वेगानं पुढे नेऊन भागत नाही. तेवढ्याच वेगानं मागे घेतला तरच पुढच्या पानाला वेळ उरतो. जॅब म्हणजे, तो झटपट सरळ ठोसा, काय हे याहून स्वच्छ कुणी दाखवलेलं नाही. पाहण्याचा क्रम असा: आधी हे ७५ भाग, मग २००३ चे 'चॅम्पियन रोड' आणि 'माशिबा विरुद्ध किमुरा' हे दोन विशेष भाग, नंतर २००९ ची 'न्यू चॅलेंजर' आणि शेवटी २०१३ ची 'रायझिंग'. बरेच जण ते दोन विशेष भाग गाळतात. किमुराचा अजिबात गाळू नये. घरच्या फुलांच्या दुकानात काम करणारा, मधल्या फळीतला हा बॉक्सर अजिंक्यपदाच्या एका पट्ट्यासाठी काय काय करतो, ते पाहिल्याशिवाय इप्पोचं जग पुरतं कळत नाही.

हायक्यूच्या दुसऱ्या हंगामात हिनाता आणि त्याचा सेटर कागेयामा भांडतात, तो धागा ज्याला आवडला त्याची गोष्ट आणखी वेगळी. पहिल्या हंगामात हिनाता डोळे मिटून उडी मारायचा आणि चेंडू त्याच्या तळहातावर येऊन आदळायचा. बघायला थरारक, पण त्यात हिनाताला निवड नव्हती. मग तो डोळे उघडे ठेवायचं म्हणतो, आणि कागेयामाला चेंडू उंचावून देणं नव्यानं शिकावं लागतं: चेंडू हिनाताच्या हातापाशी येऊन क्षणभर थांबेल आणि खाली पडेल असा, उलट्या फिरकीचा. चालणारी गोष्ट मोडून पुन्हा बांधायची, मधल्या काळात सामने हरायचे. हे ज्याला भावलं त्याला फुटबॉलची 'आओ आशी' द्यावी, २०२२ ची, २४ भागांची. एहिमेसारख्या समुद्रालगतच्या भागातून, बेताच्या परिस्थितीतल्या आईला मागे ठेवून टोकियोच्या युवा संघात गेलेला आशितो. गाव सोडून मुंबईला गेलेल्या कोकणातल्या पोरांना त्याचे पहिले काही महिने वेगळे समजावून सांगायला नकोत. तो गोल करणारा खेळाडू म्हणून जातो, आणि तिथे त्याला चेंडू पायात थांबवण्यापासून सगळं शिकावं लागतं. का चुकलं ते शब्दांत मांडायला लावतात. पुढे प्रशिक्षक त्याला बचावाच्या जागी टाकतो. त्यावेळचं त्याचं रडणं आणि मग त्या जागेवरून अख्खं मैदान दिसायला लागणं, हा या मालिकेचा गाभा आहे. ब्लू लॉक नेमकी याच्या उलट, स्वतःपुरता विचार करायला शिकवणारी. तिचा पहिला हंगाम जोरदार आहे. २०२४ च्या दुसऱ्यात हालचाल कमी आणि स्थिरचित्रं जास्त. कुरोकोच्या ७५ भागांत खेळाचे नियम फार लवकर मागे पडतात आणि अचाट कौशल्यं सुरू होतात. थरारच हवा असेल तर जरूर पाहावी. थांबणं आवडणाऱ्याला ती नको.

आणि ज्यानं हरल्यानंतरचा भाग परत लावला?

हायक्यूच्या पहिल्या हंगामाच्या शेवटी कारासुनो हरते, आणि प्रशिक्षक उकाई पोरांना जेवायला नेतो. स्नायू फाटलेत, ते भरून यायला अन्न लागतं, खा. पोरं भात तोंडात कोंबतात आणि खाता खाता रडायला लागतात. गिळता येत नाही तरी घास घेत राहतात. तिथे संगीतापेक्षा वाट्या-चॉपस्टिक्सचा आवाज लक्षात राहतो. हा प्रसंग ज्याच्या मनात राहिला त्यानं दुसरं काही शोधू नये, सरळ 'रन विथ द विंड' लावावी. २०१८-१९, २३ भाग. एका मोडक्या वसतिगृहातले दहा जण, त्यातले बरेचसे कधी न धावलेले, आणि लक्ष्य हाकोने एकिदेन: २ आणि ३ जानेवारीला टोकियोहून हाकोनेला जाऊन परत येणारी, एकूण दोनशे किलोमीटरहून लांब, दहा टप्प्यांची रिले शर्यत. एकेकाच्या वाट्याला साधारण एकवीस ते तेवीस किलोमीटर. पाचवा टप्पा डोंगर चढतो आणि वाटेत ८७४ मीटरपर्यंत जातो. सावंतवाडीहून आंबोली चढताना गाडीचा गिअर ज्यांनी बदललाय त्यांनी त्याहूनही वरचा रस्ता पायांनी, पळत, थंडीत, डोळ्यांसमोर आणावा. काठी नसते, अंगावर तिरका घातलेला कापडी पट्टा पुढच्याला द्यायचा. आघाडीचा संघ ठरावीक वेळेपेक्षा जास्त पुढे गेला, तर मागे पडलेल्या संघाच्या पुढच्या धावपटूला पट्टा हातात न येताच निघावं लागतं. मागून येणारा धापा टाकत पोचतो आणि समोर कुणी नसतं. या एका नियमात हरण्याचं सगळं दुःख साठवलेलं आहे आणि मालिका त्याचा वापर फार जपून करते.

या दहांमध्ये एक मंगावेडा पोरगा आहे, सगळे त्याला राजपुत्र म्हणतात. तो इतका हळू धावतो की त्याला संघात ठेवणं हाच प्रश्न. त्याला पळण्याच्या यंत्रावर मंगा वाचत पळायला लावतात, कारण नजर समोर स्थिर राहिली की डोकं डुलत नाही आणि शरीर सरळ राहतं. तो कधीच वेगवान होत नाही. शेवटपर्यंत नाही. खेळांच्या अ‍ॅनिमेत हे फार कमी वेळा दिसतं: ज्याला जमत नाही त्याला न जमताच संघात जागा मिळते, आणि त्याचा टप्पाही तितक्याच मन लावून दाखवला जातो. पहिले आठ-दहा भाग रोज एक पाहिले तरी चालतील. शर्यत सुरू झाली की शेवटचे भाग एका बैठकीत पाहावेत, मधे रात्र जाऊ देऊ नये.

वेळ कमी असेल तर २०१४ ची 'पिंग पाँग द अ‍ॅनिमेशन', ११ भाग, चार-साडेचार तासांत संपते. रेषा वेड्यावाकड्या, चेहरे बेढब. पहिल्या दोन भागांत डोळ्यांना त्रास होतो, तिसऱ्यापासून दुसरं काही नकोसं वाटतं. हरण्याबद्दल तिच्याइतकं थेट क्वचित कुणी बोललंय.

हायक्यू पुन्हा पाहणाऱ्यांसाठीही एक सांगायला हवं. अधेमधे दिसणारे जुने चार चित्रपट हे मालिकेतल्याच भागांचं संकलन आहे. ते सोडले तरी काही बिघडत नाही. २०२४ चा नेकोमा संघाविरुद्धचा ८५ मिनिटांचा चित्रपट मात्र चौथ्या हंगामानंतरच पाहायचा. त्याच्या शेवटाकडे नेकोमाच्या केन्माच्या डोळ्यांतून दिसणारी लांबलचक रॅली मोबाइलवर बघू नये. गावात कुणाकडे मोठा टीव्ही असेल तर तिथे जावं.

स्लॅम डंकचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. १९९३ ते १९९६ ची १०१ भागांची ही बास्केटबॉलची मालिका सान्नो संघाविरुद्धच्या सामन्याआधीच थांबली. तो सामना पडद्यावर यायला २०२२ उजाडलं, आणि मंगाकार इनोउए ताकेहिको यांनी स्वतः दिग्दर्शन केलेल्या 'द फर्स्ट स्लॅम डंक'मध्ये तो रयोता मियागीच्या बाजूनं सांगितला गेला: ओकिनावाच्या किनाऱ्यावर वाढलेला, भाऊ समुद्रात गमावलेला, सगळ्यांत बुटका खेळाडू. चित्रपट आधी पाहिला तरी समजतो, कारण बाकीच्यांची ओळख खेळतानाच होत जाते. पण १०१ भाग पाहून आलेल्या माणसाला शेवटची काही सेकंदं वेगळी ऐकू येतात. तिथे आवाज काढून टाकलाय, नुसती चित्रं धावतात, आणि कोण कुणाला पास देतोय हे कळण्यासाठी त्या दोघांचं आधीचं सगळं वैर माहीत असावं लागतं. ज्यानं हायक्यूमधला हिनाता-कागेयामाचा पहिला झटपट फटका परत लावला असेल, त्यानं १०१ भागांचा रस्ता धरावा.

बाकीच्यांनी थेट चित्रपट लावला तरी हरकत नाही. फक्त आवाज मोठा ठेवून.